डुकराला रूपाचं काय!

१९०४ सालचा हिवाळा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्सच्या कृषी महाविद्यालयात शेतकऱ्यांचा अभ्यासवर्ग भरला होता आणि मक्याच्या कणसांची परीक्षा चालली होती. परीक्षक होते प्राध्यापक पेरी होल्डन. त्या मुलखात होल्डन म्हणजे मोठं प्रस्थ. त्याच वर्षापासून ते रेल्वेच्या डब्यातून गावोगाव फिरून बियाण्यावर व्याख्यानं देऊ लागले. गाडी स्टेशनात थांबली की शेतकरी डब्यात गर्दी करायचे. पुढच्या दोन वर्षांत लाखावर माणसांनी त्यांना ऐकलं. या गाड्यांना लोक 'गॉस्पेल ट्रेन'च म्हणायचे, आणि होल्डनची श्रद्धाही धर्मप्रचारकाला शोभेल अशीच होती.

कणसाला गुण द्यायचं कोष्टक ठरलेलं होतं. कणीस नऊ-दहा इंच लांब हवं, बुडापासून शेंड्यापर्यंत सारख्या जाडीचं हवं. दाण्यांच्या ओळी सरळ, कुठे वाकडीतिकडी जागा नको. टोक उघडं राहिलेलं चालायचं नाही. दाणे एका आकाराचे, एका रंगाचे. दहा कणसं शेजारी ठेवली तर एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसली पाहिजेत. असं कणीस जिंकलं की त्याला पदक मिळे, आणि त्याच्या मालकाच्या बियाण्याला गिऱ्हाईक. चांगलं कणीस पेरलं तर चांगलं पीक येणार, हे इतकं उघड वाटत होतं की ते तपासून पाहावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी ऐकणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा होता. त्यानं विचारलं, की ही देखणी कणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पिकतात हे कशावरून? होल्डन रागावले नाहीत. त्यांनी पोराला कणसं दिली आणि म्हणाले, पेर आणि बघ. हे त्यांच्या मोठेपणाचं लक्षण म्हणायला हवं. पुढे जे झालं त्यात त्यांचंच हसं झालं, पण दाणे त्यांनीच पुरवले होते.

पोरानं वडिलांकडून जमिनीचा लहानसा तुकडा मागून घेतला. एका कणसाचे दाणे एका ओळीत, दुसऱ्याचे दुसऱ्या ओळीत, असं करत सगळी कणसं वेगवेगळी पेरली. पीक तयार झाल्यावर प्रत्येक ओळीचं वजन वेगळं केलं. चांगल्या आणि हलक्या ओळींच्या उत्पन्नात दुपटीहून जास्त फरक निघाला. होल्डननी पहिला नंबर दिलेलं कणीस तळाच्या गटात जाऊन बसलं होतं. रूप आणि उत्पन्न यांचा काडीचा संबंध दिसेना. मका शेवटी जायचा डुकरांच्या पोटात, आणि डुकराला रूपाचं काय, असा सवाल हा पोरगा पुढे आयुष्यभर करत राहिला.

पोराचं नाव हेन्री अगार्ड वॉलेस. आजोबा चालवत असलेलं 'वॉलेसेस फार्मर' हे साप्ताहिक आयोवातल्या घरोघरी जात होतं. वडील काही काळ एम्सलाच प्राध्यापक होते. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे मराठी घरांत पोचलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर त्या वेळी एम्सला विद्यार्थी होता आणि या प्राध्यापकाच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन रानात हिंडायचा. फूल कुठे, पराग कुठे, बीज कुठे धरतं, हे वॉलेस पहिल्यांदा शिकला ते कार्व्हरच्या बोटाला धरून. वर्गात एकट्यानंच शंका काढायची सवय तिथूनच लागली असं मी म्हणणार नाही. पण झाडाकडे जवळून बघायची सवय नक्कीच तिथली.

देखणं कणीस कमी का पिकतं, हे मात्र वॉलेसला सांगता येत नव्हतं. त्याचं उत्तर हजार मैलांवर तयार होत होतं, आणि जो ते शोधत होता त्याला मुळात मक्याचं उत्पन्न वाढवायचंच नव्हतं.

तिकडे वळण्याआधी मक्याच्या झाडाची थोडी ओळख करून घेऊ. ज्वारी-गव्हाच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात. मक्यानं त्यांचे संसार वेगळे थाटले आहेत. शेंड्यावरचा तुरा नर, कमरेला फुटणारं कणीस मादी. कणसाच्या टोकातून जे केस बाहेर लोंबतात, त्यातला प्रत्येक केस आत एका भावी दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातून पराग उडतो, केसावर पडतो, केसातून खाली उतरतो, तेव्हा तो एक दाणा भरतो. केसाला पराग मिळाला नाही तर तिथे रिकामी जागा राहते. वाऱ्यावर उडणारा पराग कुणाचा आहे हे केसाला ठाऊक नसतं. म्हणून शेतात उभ्या असलेल्या मक्याच्या एका कणसावर पाचशे-सातशे दाणे असतील, तर त्यांची आई एक, पण बाप किती याचा हिशेब लागत नाही.

ज्या 'रीड्स यलो डेंट' वाणाचा त्या काळात एवढा गाजावाजा होता, त्याचा जन्मच या वाऱ्यावरच्या सरमिसळीतून झाला होता. रॉबर्ट रीड १८४६ साली ओहायो सोडून इलिनॉयमध्ये आला, येताना आपलं बियाणं घेऊन आला. पेरायला उशीर झाला, दाणा नीट पोसला नाही. पुढच्या साली तेच बियाणं पेरलं तर शेतात जागोजागी नांग्या पडल्या. नांग्या भरायला त्यानं हाताशी असलेला स्थानिक, लवकर येणारा पिवळा मका टोचला. दोन्हींचा पराग मिसळला. उत्तरेचा टणक दाण्याचा मका आणि दक्षिणेचा खळगीच्या दाण्याचा मका, दोन्ही मूळ रहिवासी जमातींनी शतकानुशतकं जपलेले. या दोन कुळांचा संबंध एका नापीक सालातल्या नांग्यांमुळे रीडच्या शेतात जुळला. त्याच्या मुलानं हा वाण निवडून निवडून घडवला आणि १८९३च्या शिकागो प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. पुढे हाच वाण 'शुद्ध' राखण्यासाठी होल्डन आणि मंडळी जिवाचं रान करत होती.

आता न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर जाऊ. कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे कार्नेगी संस्थेनं १९०४ साली उत्क्रांतीच्या प्रयोगांसाठी केंद्र काढलं होतं. तिथे तीस वर्षांचा जॉर्ज हॅरिसन शल नोकरीला लागला. ओहायोतल्या शेतकरी घरातला, स्वतःच्या धडपडीवर शिकलेला, अतिशय काटेकोर माणूस. त्याच्यावर दुसरं एक विचित्र काम होतं. कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक नावाचा रोपांचा जादूगार होता. बटाटे, प्लम, काटे नसलेलं निवडुंग अशी नवनवी वाणं काढून त्यानं जग थक्क केलं होतं. कार्नेगी संस्था त्याला वर्षाला दहा हजार डॉलर देत होती आणि त्याची पद्धत शास्त्रात बसवून लिहून काढायला शलला पाठवत होती. बरबँकचं सगळं ज्ञान त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत. त्याच्याकडे नोंदी जवळपास नव्हत्याच. शल बिचारा दरवर्षी महिनोन्‌महिने तिकडे काढायचा. ते पुस्तक कधीच झालं नाही. इकडे घरच्या वाफ्यातला मका मात्र त्याची वाट बघत उभा असायचा.

मक्याचा प्रयोग साधा होता. कणसावर दाण्यांच्या ओळी नेहमी सम संख्येत असतात: आठ, दहा, बारा, सोळा. ओळींची संख्या आईबापांकडून पोरांकडे कशी उतरते, एवढंच शलला पाहायचं होतं. मेंडेलचे नियम नुकतेच, १९०० साली, विस्मृतीतून वर आले होते, आणि जो तो काहीतरी मोजत सुटला होता. ओळी मोजायच्या तर बाप कोण हे पक्कं ठाऊक हवं. त्यासाठी त्यानं एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकायला सुरुवात केली.

हे काम पाहण्यासारखं असतं. कणीस पानांच्या बगलेतून डोकावलं, पण केस अजून बाहेर आले नाहीत, तेवढ्यात त्याच्यावर कागदी पिशवी चढवायची. एकही परका कण आत जाता कामा नये. केस आले की तुऱ्यावर दुसरी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी दव उडालं, ऊन वर आलं की तुरा पिशवीसकट वाकवायचा, झटकायचा. पिशवीच्या तळाशी चिमूटभर पिवळी भुकटी जमते. मग कणसावरची पिशवी क्षणभर काढायची, भुकटी केसांवर ओतायची आणि पिशवी लगेच परत चढवायची. तारीख, झाडाचा क्रमांक पिशवीवर लिहायचा. उन्हाळ्याच्या उकाड्यात, अंगाला पानांचे काप बसत असताना, शेकडो झाडांवर हेच. घामानं हात ओले असले तर पराग चिकटून बसतो.

दरसाल असं स्वतःच्याच परागावर वाढवलेल्या मक्याची गत वाईट झाली. पिढीगणिक झाडं बुटकी होत गेली, कणसं बोटाएवढी राहिली, काही तर वांझ निघाली. यात नवल काही नव्हतं. डार्विननं १८७६च्या आपल्या पुस्तकात मक्यासह कितीतरी वनस्पतींवर हेच दाखवलं होतं. मिशिगनच्या विल्यम बील यांनी त्याच दशकात दोन वाणं शेजारी लावून, एकाचे तुरे खुडून संकर केला होता आणि उत्पन्न वाढलेलं पाहिलं होतं. इलिनॉयच्या प्रयोग केंद्रात एडवर्ड ईस्ट नावाच्या तरुणानं स्वपरागणाचा प्रयोग करू द्या म्हटलं, तर तिथल्या वरिष्ठांनी त्याला झिडकारलं. मक्याचं उत्पन्न कमी कसं करावं हे शिकण्यासाठी लोकांचा पैसा खर्च करायचा नाही, असं त्याला सुनावल्याचं सांगतात. शहाण्या माणसानं तसंच म्हटलं असतं.

शलनं पाहिलं ते वेगळंच. झाडं खुजी झाली होती हे खरं, पण एका कुळातली सगळी झाडं एकमेकांसारखी हुबेहूब झाली होती. उंची एक, पानांचा कल एक, तुऱ्याचा आकार एक. आणि शेजारचं कूळ तितकंच एकसारखं, पण पहिल्यापेक्षा साफ वेगळं. स्वपरागणानं मका नुसता बिघडत चालला असता, तर सगळी कुळं एकाच दिशेनं बिघडायला हवी होती. इथे तर गर्दीतून एकेक घराणं वेगळं होऊन बाहेर पडत होतं. म्हणजे शेतातला साधा मका हा एक वाण नव्हताच. ती हजारो घराण्यांची सरमिसळ होती आणि प्रत्येक तगडं झाड तगडं होतं ते त्या सरमिसळीमुळे.

मग त्यानं दोन खुज्या घराण्यांचा एकमेकांशी संकर केला. त्यातून उगवलेली झाडं आईबापांच्या मानानं धिप्पाड होती आणि काही जोड्या तर मूळच्या शेतातल्या मक्यालाही मागे टाकणाऱ्या होत्या. शिवाय शेतभर सगळी झाडं एका उंचीची. पुढे १९१४मध्ये या जोमाला शलनंच 'हेटेरोसिस' हे नाव दिलं; आपली कृषी पुस्तकं त्याला संकरजोम म्हणतात.

जानेवारी १९०८मध्ये वॉशिंग्टनला पैदासकारांच्या सभेत शलनं यावरचा निबंध वाचला. मक्याचं शेत कशाचं बनलेलं असतं, असा साधा विषय. पण त्यात होल्डनच्या सगळ्या कोष्टकाचं उत्तर होतं. शेतकरी दरसाल सगळ्यात देखणं कणीस निवडतो तेव्हा त्याच्या नकळत तो सर्वांत जास्त सरमिसळ झालेलं झाड निवडत असतो, आणि पुढच्या पिढीत ती सरमिसळ वाऱ्यावर विस्कटते. वर एकसारख्या रूपाचा आग्रह धरत राहिलं, तर नात्यातल्या नात्यातच लग्नं लावल्यासारखं होतं. पंधरा वर्षांच्या वॉलेसला ओळीत दिसलेली गोष्ट शलनं कारणासकट मांडली होती.

सभेत ईस्टही बसला होता. एव्हाना तो कनेटिकटच्या केंद्रात आला होता, तिथे त्यानं मक्याची खुजी घराणी तयारही केली होती. ती एकमेकांशी जोडून बघायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. काही दिवसांनी त्यानं शलला पत्र लिहून निष्कर्ष मान्य केला आणि आपल्याला हे दिसू नये इतके आपण मठ्ठ कसे, असा वैताग मोकळेपणानं लिहिला. पुढे श्रेयावरून दोघांत थोडी कुरबुर झाली, पण ते पत्र जपून राहिलं. शास्त्रज्ञांच्या पत्रव्यवहारात इतका प्रांजळपणा क्वचित सापडतो.

एक गोष्ट इथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. त्याच कोल्ड स्प्रिंग हार्बरला १९१० साली माणसांची 'चांगली' घराणी निवडण्याच्या खुळापायी यूजेनिक्सचं कार्यालय उघडलं गेलं. शेजारच्या वाफ्यातला मका शुद्ध कुळाचं काय होतं ते दरसाल दाखवत होता.

शलची युक्ती शेतकऱ्यापर्यंत मात्र पोचली नाही, त्याला कारण होतं. संकराचं बियाणं धरायचं ते खुज्या आईच्या कणसावर. बोटाएवढ्या कणसावर दाणे ते किती येणार, आणि तेही लहान, वेडेवाकडे. एक एकर पेरायला लागणारं बियाणं सोन्याच्या भावानं विकावं लागलं असतं. शलनं मका सोडला आणि तो दुसऱ्या फुलझाडांकडे वळला. या शोधातून त्यानं पैसा कमावला नाही.

गाठ सोडवली ती डोनाल्ड जोन्सनं. कॅन्ससचा हा तरुण ईस्टचा विद्यार्थी, कनेटिकटच्या केंद्रात रुजू झालेला. १९१७ साली त्यानं मधे आणखी एक पिढी घातली. चार खुजी घराणी घ्यायची. पहिल्या दोघांचा संकर करायचा, दुसऱ्या दोघांचा वेगळा संकर करायचा. आता हाताशी दोन धिप्पाड झाडं आली. त्यांचा पुन्हा एकमेकांशी संकर करायचा. शेतकऱ्याला विकायचं बियाणं या शेवटच्या, दुहेरी संकराचं, आणि ते धरतं धष्टपुष्ट आईच्या भरगच्च कणसावर. चार आजी-आजोबा अशक्त, आईबाप पैलवान, नातवंडंही पैलवान. खुज्या झाडांवर फक्त मुठीएवढं मूळ बियाणं वाढवायचं, पुढची वाढ पैलवानांकडून करून घ्यायची. कागदावर पाहिलं तर यात शोध वाटावा असं काही नाही. पण शलचं कोडं नऊ वर्षं अडलं होतं ते एवढ्या एका पायरीवर.

वॉलेस एव्हाना साप्ताहिकात लिहीत होता आणि परसात मका लावत होता. त्यानं ईस्ट, शल, जोन्स सगळ्यांचं वाचून काढलं, कनेटिकटहून खुज्या घराण्याचं बियाणं मागवलं, दुसऱ्या एका मक्याशी त्याचा संकर केला आणि लालसर दाण्याच्या त्या मक्याला 'कॉपर क्रॉस' नाव दिलं. १९२३ साली आल्टूना गावात एकरभर शेतात त्याचं बियाणं धरलं. तिथले सगळे तुरे हातानं खुडले ते रूथ कर्ट्झवील नावाच्या बाईंनी. १९२४मध्ये ते पौंडाला एक डॉलर भावानं विकलं गेलं आणि आयोवाच्या उत्पन्न स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून गेलं. या स्पर्धेत कणसाचं रूप बघत नसत, शेत कापून वजन करत. दोन वर्षांनी वॉलेसनं कंपनी काढली. बायकोच्या वारशाच्या पैशानं जमीन घेतली. हीच पुढे 'पायोनियर' म्हणून जगभर गेली, तिच्या पिशव्या आज आपल्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातही दिसतात.

शेतकरी आधी हसले. त्यांना पटत नव्हतं ते वेगळंच होतं: बियाणं विकत घ्यायचं! घरच्या कणगीत बी असताना? आणि हे संकरित बी घरी धरता येत नव्हतं. त्याच्या पिकातला दाणा परत पेरला तर पुढच्या साली सरमिसळ पुन्हा विस्कटून उत्पन्न घसरायचं. म्हणजे दर वर्षी दुकान गाठायचं. बियाण्याच्या धंद्याला असं कुलूप आजवर कुठल्या कायद्यानं दिलं नव्हतं, ते झाडाच्या प्रकृतीनं दिलं. ही या शोधाची खरी आर्थिक बाजू, आणि संकराचं कौतुक करणारे तिच्याबद्दल फार बोलत नाहीत असा माझा अनुभव आहे.

वॉलेसचा विक्रेता रॉझवेल गार्स्ट मोठा बिलंदर. बियाणं घ्या, शेजारी तुमचं पेरा, आणि तुमच्यापेक्षा जे जास्त येईल त्यातलं अर्धं मला द्या, असा सौदा तो करायचा. पुढच्या वर्षी तोच शेतकरी रोख पैसे मोजून पिशवी न्यायला यायचा. १९३४ आणि १९३६ला भीषण दुष्काळ पडला. देशी मका वाळला, लोळला. बांधापलीकडचा संकरित मका हिरवा नसेल, पण उभा होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत होतं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी आयोवातल्या दोन गावांच्या २५९ शेतकऱ्यांना विचारून पाहिलं. १९२८ ते १९४१ या काळात त्यातल्या दोघांखेरीज सगळ्यांनी संकरित बियाणं घेतलं होतं. नव्या बियाण्याची बातमी आणायचा विक्रेता, पण पेरायचा निर्णय व्हायचा शेजाऱ्याचं शेत बघून. नवी वस्तू समाजात कशी पसरते हे शिकवणारा हा अभ्यास आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितला जातो, बहुतेक वेळा मक्याचं नाव गाळून.

एका उंचीची, ताठ उभी राहणारी झाडं आली तशी कणसं खुडणारी यंत्रंही धावू लागली. एके काळी हातानं कणसं सोलण्याच्या राष्ट्रीय शर्यती बघायला लाखभर माणूस जमत असे. या शर्यतींना चालना देणाराही वॉलेसच, आणि त्या निरर्थक करून टाकणाराही तोच. १९३३ साली तो देशाचा कृषिमंत्री झाला तेव्हा धान्याचे भाव कोसळले होते. ज्यानं एकरी उत्पन्न वाढवायला आयुष्य घातलं, त्यालाच उभा कापूस नांगरून टाकण्यासाठी आणि साठ लाख डुकरं मारण्यासाठी सरकारी पैसे वाटावे लागले. १८६६पासून तिसाव्या दशकापर्यंत अमेरिकेत मका एकरी सरासरी पंचवीस-सव्वीस बुशेलच्या आसपास अडकून होता. आज तो १७०च्या वर आहे. बुशेल म्हणजे मक्याचे सुमारे २५.४ किलो. त्यात रासायनिक खताचा आणि दाट पेरणीचाही मोठा वाटा आहे, सगळं श्रेय संकराला देऊ नये.

राहिला होता तुऱ्यांचा प्रश्न. बीजोत्पादनाच्या शेतात मादी ओळींचे तुरे पराग उडायच्या आत खुडावे लागतात. एक तुरा राहिला तरी भेसळ. दर जुलैला हजारो शाळकरी पोरंपोरी पहाटे बसमधून शेतात नेली जात. ओल्या पानांतून चालत, हात वर करून एकेक तुरा उपटायचा. मजुरीचा हा खर्च कंपन्यांना सलत होता. टेक्सासमध्ये 'गोल्डन जून' वाणात असं एक झाड सापडलं, की त्याच्या तुऱ्यात पराग धरतच नव्हता. हा नरवंध्यपणा फक्त आईकडून उतरायचा. म्हणजे मादी ओळीला हा गुण दिला की तुरे खुडायला नकोत, आणि नर ओळीत पराग परत आणणारा जनुक ठेवला की शेतकऱ्याच्या शेतात दाणे भरतात. ही यंत्रणा वापरात आणण्यात पुढाकार होता दुहेरी संकरवाल्या जोन्सचाच.

हीच नरवंध्यतेची युक्ती टेक्सासमध्ये १९५४ साली ज्वारीतही साधली, आणि तिचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ज्वारीच्या फुलात नर-मादी एकत्र, तुरा खुडणार कसा? नरवंध्य ओळीमुळेच १९६४ साली सीएसएच-१ ही भारतातली पहिली संकरित ज्वारी आली. मराठवाड्यात, खानदेशात लोकांनी तिला 'हायब्रीड' म्हटलं, तिच्या भाकरीला नावं ठेवली आणि तरीही ती पेरली.

१९७० साली अमेरिकेतल्या मक्यापैकी सुमारे ८५ टक्के मका टेक्सासच्या त्या एका नरवंध्य आईचा वंशज होता. वाण शंभर नावांचे, कंपन्या वेगवेगळ्या, पण पेशीतला तो एक भाग सगळ्यांचा एकच. फिलिपाइन्समधून १९६१ सालीच इशारा आला होता, की हा मका पानांवरच्या एका करप्याला फार लवकर बळी पडतो. इशारा छापला गेला, वाचला गेला आणि बाजूला ठेवला गेला. अमेरिकेत हा करपा क्षुल्लक मानत.

१९७०च्या सुरुवातीला फ्लोरिडात पानांवर तपकिरी ठिपके दिसले. मे महिन्यापर्यंत आखाताच्या किनाऱ्यानं रोग पसरला. हवा उबदार, दमट. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर उत्तरेकडे निघाले. ऑगस्टमध्ये इलिनॉय, इंडियाना. पानं करपली, ताटं कुजून मोडली, सोललेल्या कणसावर काळी बुरशी. ज्या थोड्या शेतांत जुन्या पद्धतीनं तुरे खुडून धरलेलं बी होतं, ती मधेच हिरवीगार उभी. शिकागोच्या बाजारात मक्याचे वायदे उसळले. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं, नुकसान अब्ज डॉलरच्या घरात. जोन्स १९६३ साली वारला होता. त्याला हे पाहावं लागलं नाही.

रोग आणि नरवंध्यता यांचं नातं काय, हे उलगडायला आणखी सोळा वर्षं लागली. १९८६मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या शास्त्रज्ञांनी टेक्सास-मक्याच्या मायटोकॉन्ड्रियात एक विचित्र, तुकड्यातुकड्यांनी जोडून बनलेला जनुक शोधला. त्याचं प्रथिन पेशीच्या ऊर्जाघराच्या पडद्यात बसतं. बुरशीचं विष आलं की हेच प्रथिन पडद्याला भोकं पाडतं आणि पेशी मरते. आणि पराग घडत असताना त्याचा बळी घेणारं प्रथिनही हेच. याची कुणकुण आधीच लागली होती: सत्तरच्या दशकात प्रयोगशाळेत पेशींवर विष सोडून, त्यातून तगलेल्या पेशींपासून रोपं वाढवली गेली. ती करप्याला दाद देत नव्हती. पण मोठी झाल्यावर त्यांचे तुरे पिवळा पराग उडवू लागले. रोगाचा धोका टाळून मजुरीची बचत राखायची सोयच त्या झाडात नव्हती.

टेक्सासचा तो नरवंध्य मका बियाण्यातून बाद झाला. १९७१च्या उन्हाळ्यात कंपन्यांनी पुन्हा शाळकरी पोरं कामाला लावली. आता आयोवा-नेब्रास्कात बहुतेक तुरे यंत्रं काढतात आणि यंत्राला चुकलेले तुरे पोरं हातानं उपटतात.